आवाहन दूरवर कसे पोहोचवावे: संदेश व्हायरल होण्यामागची यंत्रणा आणि कामाची पद्धत

रक्तदान शिबिर, वाचनालयासाठी निधी, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, पूरग्रस्तांसाठी धान्य अशा कामांची आवाहने सतत लिहिली जातात आणि त्यांतील बहुतेक पहिल्या दोन-तीन ग्रुपांतच थांबतात. त्याच सुमारास एखादी बिनबुडाची बातमी मात्र एका रात्रीत जिल्हाभर फिरून येते. हे पाहून अनेक कार्यकर्त्यांचे असे मत होते की व्हायरल होणे हा निव्वळ नशिबाचा भाग आहे, किंवा थोडा भडकपणा केल्याशिवाय ते जमतच नाही. मला ही दोन्ही मते पटत नाहीत. नशिबाचा वाटा मोठा आहे हे खरे, परंतु संदेश कशामुळे पुढे सरकतो आणि कुठे अडतो याचा गेल्या काही दशकांत पुष्कळ अभ्यास झाला असून तो खऱ्या व उपयोगी माहितीसाठी वापरता येतो. या लेखात रक्तदान शिबिराचे आवाहन हे एकच उदाहरण धरून, ते लिहिण्यापासून ते शिबिर संपल्यावर संदेश थांबवण्यापर्यंतची सर्व कामे क्रमाने सांगितली आहेत.

१. आधी हिशेब समजून घ्यावा

आपला संदेश किती जणांनी वाचला, यापेक्षा वाचणाऱ्यांपैकी किती जणांनी तो पुढे पाठवला, हा आकडा निर्णायक असतो. समजा, १०० जणांनी संदेश वाचला, त्यांपैकी दोघांनी तो प्रत्येकी एका ग्रुपवर टाकला आणि अशा प्रत्येक ग्रुपवर तो ४० जणांनी खरोखर वाचला. पुढच्या फेरीत ८० नवे वाचक मिळाले, त्यापुढच्या फेरीत ६४, आणि असे घटत घटत एकूण वाचक कितीही वाट पाहिली तरी ५०० च्या पुढे जात नाहीत. आता १०० पैकी दोघांऐवजी तिघांनी संदेश पुढे पाठवला असे धरले, तर दुसऱ्या फेरीत १२० वाचक मिळतात, तिसऱ्या फेरीत १४४, आणि अशा अकरा फेऱ्यांनंतर एकूण संख्या ३,२०० च्या वर जाते व वाढतच राहते. साथीच्या रोगाचा प्रसार मोजताना हेच गणित वापरले जाते. शंभरातल्या एका माणसाचा फरक आहे, पण एका बाजूला संदेश विझतो आणि दुसऱ्या बाजूला तो पसरतो. प्रत्यक्षात तेच लोक अनेक ग्रुपांत असल्यामुळे वाढ इतकी सरळ होत नाही, याविषयी पुढे लिहिले आहे.

म्हणून मजकुराचा प्रत्येक शब्द त्या तिसऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहावा. तो आपल्याला ओळखत नाही. हा संदेश आपल्या नावाने भावकीच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर टाकावा की नाही, हे तो काही सेकंदांत ठरवणार आहे. टाकल्यास आपली शोभा होईल का, कुणाच्या उपयोगी पडेल का, उद्या तो खोटा निघाल्यास आपल्याला खाली पाहावे लागेल का, हे प्रश्न त्याच्या मनात येतातच, आणि त्यांची उत्तरे संदेशातच असावी लागतात.

२. गाजलेले एक आवाहन बारकाईने पाहावे

२०१४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत सुरू झालेले ‘आइस बकेट चॅलेंज’ हे या कामासाठी अभ्यासण्यासारखे सर्वांत चांगले उदाहरण आहे. एएलएस हा मज्जापेशींचा असाध्य आजार आहे, आणि त्याचे नाव तोवर सर्वसामान्यांपैकी फार थोड्यांनी ऐकले होते. बोस्टनजवळचे बेसबॉलपटू पीट फ्रेट्स आणि न्यूयॉर्क राज्यातील पॅट क्विन या दोन रुग्णांनी व त्यांच्या मित्रपरिवाराने ही कल्पना पुढे नेली. डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतायची, त्याचे चित्रीकरण टाकायचे, तीन जणांची नावे घेऊन त्यांना आव्हान द्यायचे, आणि त्यांनी २४ तासांत तसे करावे किंवा देणगी द्यावी, असा साधारण नियम होता. त्या उन्हाळ्यात अमेरिकेतील एएलएस असोसिएशनकडे सुमारे ११.५ कोटी डॉलर जमा झाले. फेसबुकने दिलेल्या माहितीनुसार जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत त्यांच्या मंचावर असे १.७ कोटींहून अधिक व्हिडिओ टाकले गेले.

त्या आवाहनाची रचना कशी होती ते पाहावे. पुढे पाठवणे हे त्यात ऐच्छिक राहिलेच नव्हते, कारण तीन जणांची नावे घेणे हा कृतीचाच भाग होता. प्रत्येकाने एकाऐवजी तिघांना बोलावल्यामुळे वरच्या हिशेबातील आकडा सुरुवातीपासूनच मोठा राहिला. नाव चारचौघांत घेतलेले असल्यामुळे उत्तर न देणे अवघड होते. चोवीस तासांची मुदत असल्यामुळे ‘नंतर पाहू’ म्हणण्याला वाव नव्हता. शिवाय कृती स्वस्त होती, घरी करता येत होती, आणि ती केल्याचे सर्वांना दिसत होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हैदराबादच्या पत्रकार मंजुलता कलानिधी यांनी तिचे ‘राइस बकेट चॅलेंज’ केले. बादलीभर तांदूळ गरजूला द्यावा आणि त्याचे छायाचित्र टाकावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. पाण्याची टंचाई आणि भूक ज्या देशात डोळ्यांसमोर आहे, तिथे बर्फाचे पाणी ओतण्यापेक्षा हे लोकांना जवळचे वाटले. गाजलेली कल्पना जशीच्या तशी उचलण्याऐवजी तिची रचना घ्यावी आणि आशय आपल्या भूमीतला ठेवावा, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

रक्तदान शिबिरासाठी हीच रचना अशी वापरता येते: रक्तदात्याने रक्त दिल्यावर लगेच आपले छायाचित्र स्टेटसवर ठेवावे आणि त्याच दिवशी दुपारपर्यंत येऊ शकतील अशा तीन मित्रांची नावे त्यांना आधी विचारून लिहावीत. आधी विचारण्याची अट मी मुद्दाम घालतो. एखाद्याला आजारामुळे रक्त देता येत नसेल, तर चारचौघांत घेतलेले नाव त्याला अडचणीत टाकते.

३. मजकूर लिहावा आणि मग कापावा

आपल्याकडे फिरणारा नेहमीचा मजकूर असा असतो:

“सालाबादप्रमाणे यंदाही आपल्या मंडळाच्या वतीने मान्यवरांच्या शुभहस्ते व प्रमुख उपस्थितीत भव्य रक्तदान शिबिराचे आयोजन करण्यात आले आहे. तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहून सहकार्य करावे, ही नम्र विनंती.”

यात कुणी पुढे पाठवावे असे काहीच नाही. तारीख, वेळ आणि जागा सोबतच्या फलकावर असतात, आणि फलकावर निम्मी जागा छायाचित्रांनी व्यापलेली असते. पुढे पाठवताना चित्र व मजकूर यांची ताटातूट झाली की दोन्ही निरुपयोगी होतात. त्याऐवजी असे लिहिता येईल:

“मे महिन्यात कॉलेजांना सुट्टी असते, शिबिरे कमी होतात आणि रक्तपेढ्यांत रक्त कमी पडते. म्हणून रविवार, १७ मे २०२६ रोजी सकाळी ९ ते दुपारी २ या वेळेत, जुन्या एसटी स्टँडसमोरच्या मराठी शाळेत रक्तदान आहे. वय १८ ते ६५ आणि वजन किमान ४५ किलो असलेली निरोगी व्यक्ती रक्त देऊ शकते. उपाशीपोटी येऊ नये. गेल्या तीन महिन्यांत रक्त दिले असल्यास (महिलांनी चार महिन्यांत) या वेळी थांबावे. तुमच्या ओळखीत ज्याने आजवर एकदाही रक्त दिलेले नाही, अशा एका व्यक्तीला हा संदेश पाठवा. १७ मे दुपारी २ नंतर कृपया तो पुढे पाठवू नका.”

पहिल्या वाक्यात कारण आले आहे, कारण ग्रुपच्या यादीत आणि मोबाइलच्या सूचनापट्टीवर सुरुवातीचेच काही शब्द दिसतात आणि संदेश उघडायचा की नाही ते त्यांवर ठरते. मग दिवस, तारीख, साल, वेळ, जागा. ‘येत्या रविवारी’ असे कधीही लिहू नये, कारण संदेश कोणत्या आठवड्यात वाचला जाईल हे आपल्या हातात नसते. त्यानंतर आयत्या वेळी माणसाला घरी बसवणाऱ्या शंकांची उत्तरे आली आहेत. आणि शेवटी ‘जास्तीत जास्त शेअर करा’ या सवयीच्या ओळीऐवजी नेमकी एक व्यक्ती शोधून तिला पाठवण्याची विनंती आहे. ‘सर्वांना पाठवा’ असे सांगितले की ते काम कुणाचेच राहत नाही. अमुक प्रकारच्या एकाला पाठवा असे म्हटले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक चेहरा येतो. या लेखातील एकच सूचना अमलात आणायची असेल, तर ही आणावी.

मान्यवरांची नावे कुठे गेली, असा प्रश्न मंडळात नक्की विचारला जाईल. त्यांच्यासाठी स्वतंत्र निमंत्रणपत्रिका काढावी. परक्या गावातल्या माणसाला आपल्या गावातल्या नावांशी काही देणेघेणे नसते.

४. भावना निवडावी, कारण तिच्यावर पुढचे सारे ठरते

जोना बर्जर आणि कॅथरिन मिल्कमन या अमेरिकी संशोधकांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील सुमारे ७,००० लेखांचा अभ्यास करून, वाचकांनी कोणते लेख सर्वाधिक ईमेलने पाठवले ते तपासले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की विस्मय, संताप आणि चिंता या माणसाला अस्वस्थ व सक्रिय करणाऱ्या भावना जागवणारे लेख अधिक पाठवले गेले, तर निव्वळ दुःखी करणारे लेख कमी पाठवले गेले. दुःख माणसाला आतल्या आत बसवते. आपली अनेक आवाहने केवळ करुणेवर उभी असतात. रुग्णाचा केविलवाणा फोटो पाहून वाचक हळहळतो आणि पुढच्या संदेशाकडे वळतो. त्याच रुग्णासाठी ‘दोन दात्यांची सोय झाली, एक कमी आहे’ असे लिहिले की हळहळीच्या जागी काही करण्याची ऊर्मी येते. हा तपशील अर्थातच खरा असला पाहिजे.

संताप आणि भीती यांना मात्र मी हात लावू नये असे सांगेन, जरी त्या सर्वांत वेगाने धावतात. सोरूश वोसूघी, डेब रॉय आणि सिनान अराल यांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांच्या साखळ्या तपासल्या. खऱ्या बातमीपेक्षा खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी अधिक होती, आणि ती पसरवण्यात यांत्रिक खात्यांपेक्षा माणसांचाच हात मोठा होता. खोट्या बातम्या लोकांना अधिक नव्या वाटत होत्या, हे त्यामागचे एक कारण. खऱ्या माहितीतही नवेपणा असतो, फक्त तो शोधावा लागतो. रक्तातील प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्यामुळे आज रक्तपेढी भरलेली असली तरी पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा लागतात, ही गोष्ट अनेक नियमित दात्यांनाही ठाऊक नसते. अशी एक ओळ संदेशात असली की तो वाचण्याजोगा होतो आणि पाठवणाऱ्यालाही काही नवे सांगितल्याचे समाधान मिळते.

५. पेरणी कुठे करायची ते ठरवावे

गावातील दहा ग्रुपांवर संदेश टाकला की दहापट लोक मिळाले असे वाटते. प्रत्यक्षात ग्रामपंचायतीचा ग्रुप, गणेश मंडळाचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप आणि भावकीचा ग्रुप यांत तीच माणसे पुन्हा पुन्हा असतात. त्यांना तोच संदेश चार वेळा दिसतो, ते कंटाळतात, आणि साखळी तिथेच तुटते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये असे मांडले की नवी माहिती आपल्याला जिवलगांपेक्षा दूरच्या ओळखींकडून अधिक मिळते, कारण जिवलगांचे जग आणि आपले जग बरेचसे एकच असते. म्हणून पेरणीसाठी एकमेकांशी संबंध नसलेली ठिकाणे निवडावीत: पुण्यात शिकणाऱ्या मुलांचा ग्रुप, नोकरीनिमित्त मुंबईत राहणाऱ्यांचे ग्रामस्थ मंडळ, महिला बचत गट, दूध संकलन केंद्र, शेजारच्या तालुक्यातील शिक्षक, सकाळी मैदानावर धावणारी मंडळी. कागद घेऊन अशी आठ-दहा वर्तुळे लिहावीत आणि प्रत्येकातील एका विश्वासाच्या माणसाला स्वतः फोन करावा. त्याने आपल्या शब्दांत दोन ओळी जोडून टाकलेला संदेश, नुसत्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी अधिक मनावर घेतला जातो.

व्हॉट्सॲपवर एका वेळी पाचच चॅटना संदेश फॉरवर्ड करता येतो, आणि पाच किंवा अधिक हातांतून गेलेल्या संदेशावर दुहेरी बाण येऊन तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. दुहेरी बाण पाहून सुजाण वाचक सावध होतो, आणि व्हावेही. त्यामुळे वर्तुळप्रमुखांना फॉरवर्ड न करता मजकूर स्वतंत्रपणे पाठवावा आणि त्यांनीही तो आपल्या ओळीसह नव्याने टाकावा.

इन्स्टाग्राम आणि यूट्यूब यांचे काम वेगळे चालते. तिथे कुणाला काय दाखवायचे हे मुख्यतः यंत्रणा ठरवते. यूट्यूबने २०१२ पासून किती जणांनी उघडले यापेक्षा किती वेळ पाहिले याला महत्त्व दिले. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी पाहण्याचा वेळ, लाइक आणि मित्राला खासगीत पाठवणे हे तीन सर्वांत महत्त्वाचे निकष असल्याचे सांगितले असून, आपल्याला न ओळखणाऱ्यांपर्यंत पोहोचण्यासाठी त्यांतील शेवटच्या निकषाला अधिक वजन आहे. म्हणजे इथेही कळीचा माणूस पाठवणाराच ठरतो. रील करायची असेल, तर मंडळाचे बोधचिन्ह फिरवण्यात पहिली सेकंदे घालवू नयेत. पहिल्यांदा रक्त देणारी एखादी मुलगी सुई टोचण्याआधी काय म्हणाली आणि नंतर काय म्हणाली, एवढे तिच्या परवानगीने दाखवले तरी पुरेसे आहे.

शिवाय, लांब साखळीवरच विसंबून राहू नये. शरद गोयल, डंकन वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्विटरवरील जवळपास शंभर कोटी मजकुरांचा प्रवास तपासला, तेव्हा बरेच लोकप्रिय मजकूर एका माणसाकडून दुसऱ्याकडे असे लांब न जाता, एखाद्या मोठ्या खात्यावरून एकदम अनेकांपर्यंत गेलेले आढळले. आपल्यासाठी याचा अर्थ असा की तालुक्याच्या बातमीदाराला आणि स्थानिक बातम्यांचे पान चालवणाऱ्याला तीन दिवस आधी व्यवस्थित माहिती पाठवावी.

६. एकाच मसुद्यावर भिस्त ठेवू नये

मॅथ्यू सॅल्गनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग नशिबाचा वाटा स्पष्ट करतो. १४ हजारांहून अधिक लोकांना ४८ अनोळखी गाणी ऐकवण्यात आली. त्यांचे वेगवेगळे गट केले होते आणि आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले हे काही गटांना दिसत होते. प्रत्येक गटात वेगळी गाणी गाजली. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट गाणी सहसा वर आली नाहीत, आणि मधल्या गाण्यांचे काहीही होऊ शकत होते. म्हणून मजकुराचे तीन मसुदे करावेत, ते वेगवेगळ्या वर्तुळांत पाठवावेत, दिवसभरात कोणत्या वर्तुळातून विचारणा आली ते पाहावे आणि जो चालला त्यावर उरलेले बळ लावावे. विकत मिळणारे फॉलोअर घेऊ नयेत. ते रक्त द्यायला येत नाहीत.

७. संदेश आपल्या हातातून सुटल्यावरचा विचार आधीच करावा

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. ते भिक्षेसाठी फिरणारे लोक होते. त्या काळात देशभर फिरणारा एक व्हिडिओ मुळात पाकिस्तानातील कराचीत मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी बनवलेला होता. मूल परत आणून सोडल्याचा आणि संदेश सांगणारा त्याचा शेवट कुणीतरी कापून टाकला आणि उरले ते केवळ मोटारसायकलवरून मूल पळवण्याचे दृश्य. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणण्याचे जाहीर केले. चांगल्या हेतूने बनवलेली गोष्टही तुकडा पडून फिरली तर काय होऊ शकते, याचे याहून भीषण उदाहरण माझ्यासमोर नाही. आपण बनवलेल्या व्हिडिओचा कोणताही दहा सेकंदांचा तुकडा वेगळा काढला तर त्याचा काय अर्थ होईल, हे प्रसिद्ध करण्याआधी पाहावे, आणि तारीख, ठिकाण व उद्देश प्रत्येक दृश्यावर लिहिलेला ठेवावा.

दुसरा धोका शिळेपणाचा. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन आणि खाटांच्या याद्या सर्वत्र फिरत होत्या, आणि त्यांतील कित्येक क्रमांकांवर पुरवठा केव्हाच संपलेला असे. रुग्णाचे नातेवाईक एकेका क्रमांकावर फोन लावत बसत. स्वयंसेवकांनी त्यावर काढलेला उपाय साधा होता: ‘अमुक तारखेला अमुक वाजता खात्री केली’ अशी ओळ प्रत्येक माहितीपुढे लिहायची. रक्ताच्या तातडीच्या मागणीत ही ओळ सक्तीची मानावी. रुग्णालय, रक्तगट, लागणाऱ्या पिशव्या आणि खात्रीची वेळ एवढे पुरते. रुग्णाचा फोटो किंवा आजाराचा कागद टाकण्याची गरज नसते. संपर्कासाठी घरातल्या बाईमाणसाचा वैयक्तिक क्रमांक देऊ नये, कारण तो क्रमांक पुढे वर्षानुवर्षे अनोळखी हातांत फिरत राहतो.

८. प्रतिसाद सांभाळावा आणि संदेश बंद करावा

आवाहन खरोखर पसरले तर पहिल्याच दिवशी फोन सतत वाजू लागतो. त्यासाठी वेगळा क्रमांक घ्यावा, दोघांनी पाळी लावावी, आणि नेहमीच्या पाच-सहा प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवावीत. कुणी चूक दाखवली तर जुना संदेश गुपचूप पुसण्याऐवजी ‘दुरुस्ती’ असे ठळक लिहून, बदललेला तपशील व वेळ देऊन, ज्या ज्या वर्तुळप्रमुखांना पहिला मजकूर दिला होता त्या सर्वांकडे तो पाठवावा. पहिला संदेश जितका फिरला तितकी दुरुस्ती कधीच फिरत नाही, म्हणून पहिला मसुदा दोन वेगळ्या माणसांकडून तपासून घेणे हाच खरा बचाव आहे.

शिबिराच्या दिवशी नोंदणीच्या तक्त्यात एक जादा रकाना ठेवावा: ‘कुणाकडून कळले?’ या रकान्यात ‘व्हॉट्सॲप’ एवढेच लिहून घेऊ नये, पाठवणाऱ्याचे नाव किंवा ग्रुप विचारावा. संध्याकाळी ‘शिबिर पूर्ण झाले, इतक्या जणांनी रक्त दिले, कृपया आता संदेश पुढे पाठवू नये’ असा मजकूर त्याच वर्तुळांत टाकावा. मग तो रकाना घेऊन बसावे, कोणत्या वर्तुळातून किती दाते आले ते मांडावे, त्यांतील किती जण पहिल्यांदाच रक्त देत होते ते वेगळे काढावे, आणि ज्या दोन-चार माणसांच्या नावापुढे सर्वाधिक दाते दिसतील त्यांना त्याच आठवड्यात फोन करून पुढच्या शिबिराची तारीख त्यांच्या सोयीने ठरवावी.